मायकोरायझाची पुडी: गच्चीवरच्या कोणत्या झाडांसाठी घ्यावी आणि कोणत्या झाडांसाठी घेऊ नये

घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक रोपवाटिकांमध्ये आता लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखताच्या पिशव्यांशेजारी मायकोरायझाच्या, म्हणजे झाडांच्या मुळांत राहून त्यांना पोषण मिळवून देणाऱ्या बुरशीच्या, छोट्या पुड्याही मांडलेल्या दिसतात. अशाच एका रोपवाटिकेतून 150 रुपयांना घेतलेली 100 ग्रॅमची पुडी मी गेल्या पावसाळ्यापासून ठाण्यातल्या आमच्या गच्चीवर वापरत आहे. तिच्याविषयीचे माझे मत सुरुवातीलाच सांगते. ज्या झाडांना ती लागू पडते, त्यांच्यासाठी ती घेण्याजोगी आहे; मात्र पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेला ‘सर्व प्रकारच्या झाडांसाठी उपयुक्त’ हा दावा वनस्पतिशास्त्राला धरून नाही. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हाच दावा निरनिराळ्या पुड्यांवर थोड्याफार फरकाने छापलेला असतो आणि घेणाऱ्याला उत्पादकाच्या नावापेक्षा पुडीत नेमके काय आहे, हे कळणे अधिक गरजेचे आहे.

पुडीत फिकट तपकिरी रंगाची, मातीसारखा वास असलेली भुकटी आहे. तिचा बहुतेक भाग केवळ वाहक पदार्थ असतो आणि त्यात बुरशीचे बीजाणू, तिचे तंतू आणि तिने व्यापलेल्या मुळांचे बारीक तुकडे मिसळलेले असतात. शेणखत किंवा डीएपी हे स्फुरदयुक्त रासायनिक खत ज्या अर्थाने खत आहे, त्या अर्थाने ही भुकटी खत नाही, कारण तिच्यातून झाडाला मोजण्याजोगे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) किंवा पालाश मिळत नाही. ही बुरशी जिवंत मुळाच्या पेशींत शिरून तिथे झुडपासारख्या फांद्या फुटलेली नाजूक रचना तयार करते, मातीतून ओढून आणलेला स्फुरद त्या ठिकाणी झाडाच्या स्वाधीन करते आणि बदल्यात झाडाने प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेली साखर व स्निग्धाम्ले घेते. जिवंत मुळाशिवाय ती आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. त्यामुळे ही भुकटी कुंडीतल्या मातीवर वरून शिंपडून पाणी घालणे हा पैशांचा अपव्यय आहे; ती पुनर्लागवडीच्या वेळी खड्ड्यात, थेट मुळांना चिकटेल अशा रीतीने घालावी लागते. पाकिटावरच्या सूचनांत ही गोष्ट शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरांत आहे. ती सर्वांत वर असायला हवी होती.

झाडाला बुरशीची गरज का पडते, हे समजण्यासाठी स्फुरदाचा स्वभाव पाहावा लागतो. नत्राचे नायट्रेट पाण्यात सहज विरघळून पाण्याबरोबर मुळांपर्यंत वाहत येते. स्फुरद तसे करत नाही. कोकणातल्या जांभ्या दगडापासून झालेल्या तांबड्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात, ती फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतात, आणि मातीत एकूण स्फुरद पुरेसा असूनही मातीतल्या पाण्यात तो अत्यल्प उरतो. जो उरतो तोही फार हळू सरकतो, म्हणून मुळाने आपल्या भोवतीचा स्फुरद शोषून घेतला की मुळाभोवती मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीचा रिकामा पट्टा तयार होतो आणि त्यापलीकडचा साठा मुळाच्या आवाक्याबाहेर राहतो. या पट्ट्याच्या पलीकडे पोहोचायचे कसे, हा प्रश्न जमिनीवरच्या प्रत्येक वनस्पतीसमोर असतो आणि निरनिराळ्या कुळांनी त्याची निरनिराळी उत्तरे शोधलेली आहेत. मायकोरायझा हे त्यांपैकी सर्वांत जुने उत्तर. बुरशीचे तंतू मुळावरच्या केसांहूनही बारीक असतात, ते मुळापासून काही सेंटिमीटर दूरपर्यंत पसरतात, आणि तितक्याच लांबीचे मूळ वाढवण्यासाठी झाडाला जेवढी सामग्री खर्च करावी लागली असती, तिच्या अगदी थोड्या हिश्श्यात तंतूंचे जाळे उभे राहते.

हे उत्तर किती जुने आहे, याचा पुरावा स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी या गावाजवळच्या खडकात सापडला आहे. तिथे सुमारे 40 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष इतके उत्तम टिकलेले आहेत की त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यांतल्या ॲग्लाओफायटन नावाच्या वनस्पतीच्या पेशींत आजच्या मायकोरायझासारख्याच झुडुपवजा रचना आढळल्याचे 1994 साली प्रसिद्ध झाले. त्या वनस्पतीला खरी मुळे नव्हती. म्हणजे वनस्पतींना आज आपण ओळखतो तशी मुळे येण्यापूर्वीच बुरशीशी त्यांचे नाते जुळले होते आणि मुळे नंतर त्या नात्याभोवती घडत गेली. मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, कारण मूळ हा झाडाचा अन्न घेणारा मुख्य अवयव आणि बुरशी ही त्याची मदतनीस, असा जो क्रम आपण शाळेपासून गृहीत धरतो, तो या खडकाने उलटा करून दाखवला. आजही जमिनीवरच्या साधारण 70 टक्के वनस्पतींच्या जाती याच प्रकारच्या बुरशीवर कमी-अधिक अवलंबून आहेत.

उरलेल्या जातींचा विचार पुडी घेणाऱ्याने अवश्य करावा, कारण त्यांतल्या कितीतरी आपल्या रोजच्या भाजीत आहेत. मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि अळीव ही मोहरीच्या कुळातली मंडळी, तसेच पालक, माठ, राजगिरा, चाकवत आणि बीट ही राजगिऱ्याच्या कुळातली मंडळी, यांच्या पूर्वजांनी हे जुने नाते कधीच सोडून दिलेले आहे. मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या अरेबिडॉप्सिस या वनस्पतीत बुरशीला आत घेण्यासाठी लागणारी अनेक जनुकेच शिल्लक नाहीत. ज्या जमिनीत पोषक द्रव्ये सहज मिळतात, तिथे साखर देऊन बुरशी पोसणे परवडत नसावे, असे या त्यागाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. कारण काहीही असो, या कुळांनी दुसरी व्यवस्था उभी केली आहे. त्यांच्या मुळांवरचे केस दाट आणि लांब असतात, आणि काही जातींची मुळे सेंद्रिय आम्ले सोडून मातीच्या कणांना चिकटलेला स्फुरद मोकळा करतात. अशा झाडाच्या मुळाशी मायकोरायझाचे कितीही बीजाणू ठेवले, तरी त्यांना आत शिरण्याची वाट नसते. गच्चीवर पालेभाज्या लावणाऱ्यांची संख्या ठाण्यात मोठी आहे आणि पालेभाज्या म्हटले की पालक, माठ आणि मुळा हेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. त्यांनी ही पुडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता माझ्या कुंड्यांविषयी. मी मिरची, कांदा, कागदी लिंबू, तुळस, मेथी, पालक आणि मुळा यांच्या कुंड्या जोडीने लावल्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एका कुंडीत भुकटी घातली आणि दुसरीत घातली नाही, बाकी माती, पाणी आणि ऊन सारखे ठेवण्याचा प्रयत्न केला. गच्चीवरची ही तुलना म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, तरीही कल स्पष्ट होता. कांद्यात फरक सर्वांत ठळक दिसला; भुकटी घातलेल्या कुंडीतली पात जाड आणि गडद हिरवी होती. कांद्याची मुळे जाडसर, कमी फांद्यांची आणि जवळजवळ केसविरहित असतात, त्यामुळे स्फुरदासाठी हे पीक बुरशीवर फार अवलंबून असते, हे शास्त्रीय साहित्यात फार पूर्वीपासून नोंदवलेले आहे. लिंबाच्या रोपाचेही तसेच, कारण त्या कुळाच्या मुळांवरचे केस विरळ आणि आखूड असतात. मिरचीचे रोप भुकटीच्या कुंडीत लवकर सावरले आणि पुनर्लागवडीनंतरची मरगळ कमी दिसली. तुळशीत मला काहीच फरक जाणवला नाही, आणि पालक व मुळा यांच्या दोन्ही कुंड्या अखेरपर्यंत सारख्याच राहिल्या, जे अपेक्षितच होते.

तुळशीत फरक का दिसला नाही, याचा मी बराच विचार केला आणि मला पटलेले उत्तर असे की तुळशीच्या दोन्ही कुंड्यांत जुन्या कुंडीतली मुरलेली माती होती. जिच्यात वर्षानुवर्षे झाडे वाढलेली आहेत, अशा मातीत ही बुरशी स्वतःहून वस्तीला असते. तिथे बाहेरून आणखी बीजाणू टाकून विशेष काही साधत नाही. मिरची आणि कांदा मात्र कोकोपीटच्या मिश्रणात लावले होते, आणि नारळाच्या काथ्यापासून प्रक्रिया करून बनवलेल्या कोकोपीटमध्ये मुळांवर जगणारी ही बुरशी असण्याचे कारण नाही. ठाण्यातल्या नव्या इमारतींमध्ये गच्चीवर वजन वाढू नये म्हणून मातीऐवजी कोकोपीट वापरण्याकडे कल आहे, तेव्हा या पुडीचा खरा उपयोग अशा घरांना आहे. ज्यांच्याकडे जुनी माती आहे, त्यांनी नव्या कुंडीत तिचे एक-दोन ओंजळ मिश्रण घातले तरी पुडीचे काम बऱ्याच अंशी फुकटात होते, फक्त ती माती सूत्रकृमींनी किंवा मूळकुजीने ग्रासलेल्या कुंडीतली नसावी. याच कारणासाठी येऊरच्या जंगलातून माती उचलून आणण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो, तो मात्र कोणीही ऐकू नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र आहे आणि तिथली माती तिथल्याच झाडांची आहे.

पुडी विकत घेऊनही अनेकांना गुण येत नाही, याचे सर्वांत मोठे कारण खतांचा अतिरेक हे असावे. झाड बुरशीला फुकट पोसत नाही. मुळांना स्फुरदाची चणचण जाणवली की ती स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये मातीत सोडतात आणि त्यांच्या संकेताने बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे येतात. हा संकेत 2005 साली जपानी संशोधकांनी उलगडला. स्फुरद भरपूर मिळू लागला की झाड हा संकेत देणे कमी करते आणि बुरशीचा शिरकाव मंदावतो. जिथे दर पंधरवड्याला डीएपीचे दाणे किंवा ओंजळभर हाडांचा चुरा कुंडीत पडतो, तिथे पुडीतल्या बुरशीला झाड बोलावतच नाही. (ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हाच संकेत ओळखून नेमका यजमान मुळाजवळ उगवतो, म्हणजे मदतीसाठी दिलेली हाक शत्रूलाही ऐकू जाते. सोलापूर-मराठवाड्याकडच्या शेतकऱ्यांना हे तण चांगलेच परिचित आहे.) रोपवाटिकेत पुडी आणि डीएपी एकत्र बांधून देण्याची जी पद्धत आहे, ती म्हणूनच चुकीची आहे आणि पाकिटावर याविषयी एक अक्षरही नाही.

पाकिटावरचा ‘नत्र वाढवते’ हा दुसरा दावाही सरळ स्वीकारता येणार नाही. हवेत 78 टक्के नत्र आहे, परंतु ते पकडण्याची क्षमता वनस्पतींत नाही आणि या बुरशीतही नाही. ती काही जिवाणूंकडे आहे. मेथी, तूर, वाल, चवळी यांसारखी शेंगवर्गीय झाडे रायझोबियम गटातल्या जिवाणूंना मुळांवरच्या गाठींत आसरा देऊन हे काम करून घेतात. जिवाणूंना आत घेण्यासाठी या झाडांनी नवी यंत्रणा शून्यापासून उभारलेली नाही. बुरशीचा संकेत ओळखणाऱ्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेतलेच महत्त्वाचे भाग त्यांनी या नव्या पाहुण्यासाठी वापरात आणले. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरूही फ्रँकिया या वेगळ्याच जिवाणूंशी असेच नाते जोडून निव्वळ वाळूत उभा राहतो. गाठींना स्फुरद पुष्कळ लागतो, त्यामुळे मेथीला मायकोरायझाचा अप्रत्यक्ष लाभ होऊ शकतो आणि माझ्या भुकटीच्या कुंडीतली मेथी थोडी उजवी होतीही. पण नत्रासाठी म्हणून खरेदी करायची असेल तर रायझोबियमचे वेगळे पाकीट मिळते आणि तेच घ्यावे. इथे तुरीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लोहाने जखडलेला स्फुरद, जो बहुतेक पिकांना मिळत नाही, तो तूर आपल्या मुळांतून पिसिडिक आम्ल सोडून मोकळा करते, हे पटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेत झालेल्या आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. तांबड्या मातीच्या मोठ्या कुंडीत तुरीची दोन झाडे वाढवून तिचा पालापाचोळा त्याच मातीत मिसळणे, हा मला कोणत्याही पुडीइतकाच विचार करण्याजोगा उपाय वाटतो.

पाने पिवळी पडली म्हणून पुडी घेणाऱ्यांनीही थांबावे. नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी होत असतील तर बहुधा लोहाची कमतरता असते आणि तिचा संबंध मातीच्या सामूशी, म्हणजे ती किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याच्याशी, असतो. लिंबू, जास्वंद यांसारखी झाडे मुळांभोवतीची माती आम्लधर्मी करून लोह विरघळवतात. गवती चहासारखी गवताच्या कुळातली झाडे लोहाला वेढून आणणारी खास द्रव्ये मुळांतून सोडतात. या दोन्ही युक्त्यांना मायकोरायझाचा पर्याय नाही. या बुरशीचे खरे बळ स्फुरदात आणि त्याखालोखाल जस्त व तांबे यांत आहे.

ऑर्किड लावणाऱ्यांसाठीही ही पुडी नाही. ऑर्किडचे बी धुळीच्या कणाएवढे असते, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते आणि निसर्गात उगवण्यासाठी त्याला बुरशीनेच पोसावे लागते, पण ती बुरशी सर्वस्वी वेगळ्या गटातली आहे. चीड (पाइन) आणि निलगिरी या वृक्षांच्या मुळांना वेढणाऱ्या बुरशीही निराळ्या; निलगिरी त्यांच्याबरोबर या पुडीतल्या गटाशीही नाते ठेवते, चीड मात्र ठेवत नाही. कास पठारावर पावसाळ्यात फुलणारी सीतेची आसवे तर सूक्ष्म जीव पकडून आपली नत्राची आणि स्फुरदाची गरज भागवतात. इतकी भिन्न उत्तरे निर्माण झालेली असताना एका पुडीवर ‘सर्व झाडांसाठी’ असे छापणे म्हणजे घेणाऱ्याच्या अपरिचयाचा फायदा उठवणे आहे, आणि याच एका कारणासाठी मी या उत्पादनाला पूर्ण गुण देऊ शकत नाही.

खरेदी करताना पाकिटाची मागची बाजू वाचून घ्यावी. खत नियंत्रण आदेशाखाली मायकोरायझासाठी गुणवत्तेचे निकष ठरलेले आहेत, त्यामुळे ग्रॅममागे किती जिवंत घटक आहेत, उत्पादनाची आणि वापराच्या मुदतीची तारीख कोणती, तुकडीचा क्रमांक काय, हे पाकिटावर असायलाच हवे. माझ्या पुडीवर हे सर्व होते आणि ती बाब तिच्या बाजूने नोंदवायला हवी. बुरशीच्या जातीचे नाव मात्र नव्हते. ठाण्यातल्या कितीतरी रोपवाटिकांमध्ये या पुड्या पत्र्याच्या छपराखाली, उन्हाच्या तिरिपेत टांगलेल्या असतात. आत जिवंत वस्तू आहे हे ध्यानात घेऊन सावलीतली, ताजी पुडी मागून घ्यावी आणि घरी आणल्यावर उघडलेले पाकीट घट्ट बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवावे. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ते उघडे राहिले तर भुकटीचे गोळे होतात. पुडी वापरल्यानंतर काही आठवडे कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके मुळाशी ओतू नयेत, कारण ती रोगाच्या बुरशीबरोबर या बुरशीलाही मारतात.

किमतीचा विचार केला तर मिरचीच्या किंवा कांद्याच्या रोपामागे अर्धा चमचा भुकटी पुरते आणि एका पुडीत गच्चीवरच्या बऱ्याच कुंड्या होतात. एकदा बुरशी मुळांत रुजली की त्याच कुंडीत पुन्हा भुकटी घालण्याची गरज सहसा पडत नाही, हे विक्रेता सांगत नाही, म्हणून मी सांगते. कोकोपीटमध्ये कांदा, लसूण, मिरची, वांगी, लिंबू किंवा केळ लावणाऱ्यांनी ही पुडी जरूर घ्यावी, रासायनिक स्फुरद आवरता ठेवावा आणि मोठ्या बॅगेच्या भानगडीत न पडता 100 ग्रॅमचेच पाकीट निवडावे. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. उत्पादकाने पाकिटावर पालक, माठ, राजगिरा, मुळा आणि कोबी यांची नावे ‘यांच्यासाठी उपयोगी नाही’ अशा शीर्षकाखाली छापली, तर मी आनंदाने त्यात एका गुणाची भर घालेन.